मदत हवी आहे: लोअर सर्किटमुळे स्टॉप लॉस लावूनही शेअर विकला गेला नाही

सातपूरकर: सोमवारी एक शेअर ६२० वरून ५०२ पर्यंत घसरला. एवढ्या घसरणीनंतर दोन दिवसांत उसळी येते असा अनुभव असल्याने मी ५०५ ला ४०० शेअर घेतले आणि ४८० चा स्टॉप लॉस (भाव तिथवर पडला की आपोआप विक्रीची ऑर्डर) लावला. आज तो उघडताच लोअर सर्किटला (एका दिवसात भाव घसरू शकण्याची मर्यादा), ४५१.८० वर, गोठला आणि माझे शेअर विकले गेले नाहीत. ही ब्रोकरची चूक नाही का? उत्तर लवकर हवे.

गोदाकाठ: स्टॉप लॉस मार्केट (मिळेल त्या भावाला विक्री) होता की लिमिट (ठरलेल्या भावाखाली विक्री नाही)? खरेदी पूर्ण पैसे भरून केली की ब्रोकरच्या उधारीवर? घसरण कशामुळे झाली, हेही कळू द्या.

आलेखप्रेमी: आरएसआय (भावाच्या चढउताराचा जोर दाखवणारा ० ते १०० चा निर्देशांक) ३० च्या खाली असेल तर निर्धास्त राहा. ४ जून २०२४ ला निफ्टी जवळपास ६ टक्के कोसळला होता आणि तीन सत्रांत सारे भरून निघाले होते.

गोदाकाठ: तेव्हा लोकसभा निकालाच्या धास्तीने सारा बाजार पडला होता. इथे एकट्या कंपनीचा शेअर पडला आहे. मार्च २०२० मध्ये डबघाईला आलेल्या येस बँकेच्या भागधारकांना आरएसआयने वाचवले नव्हते.

निवृत्त लेखापाल: २३ जुलै २०२४ पासून अल्पमुदतीच्या नफ्यावर २० टक्के कर आहे, हे ध्यानात असावे.

सातपूरकर: काका, नफाच नाही तर कर कसला? ट्रिगर (ऑर्डर सुरू होण्याचा भाव) ४८० आणि लिमिट ४७८ होती. एमटीएफवर, म्हणजे ब्रोकरच्या उधारीवर घेतले, माझे ८०,००० आहेत. लेखापरीक्षकांनी राजीनामा दिल्याची बातमी होती, पण ती सर्वांनाच ठाऊक असेल असे वाटले.

गोदाकाठ: हे आधी सांगायला हवे होते! ट्रिगर लागला, पण तुमची ऑर्डर ४७८ वर अडकून राहिली आणि बाकीचे विक्रेते ४५१.८० ला रांगेत उभे होते. यात ब्रोकरचा दोष दिसत नाही. तुमचे २१,२८० रुपये कागदावर गेले आहेत. तोट्यामुळे तुमच्या पैशांत पडलेली तूट भरली नाही, तर ब्रोकर स्वतःच शेअर विकेल.

कांदा व्यापारी: लासलगावला भाव कोसळला तरी लिलावात कोणी ना कोणी बोली लावतोच. इथे सर्किटखाली भाव उतरूच शकत नाही, म्हणून घेणारा उद्याच्या स्वस्ताईची वाट पाहत बसतो.

गोदाकाठ: अगदी नेमके बोललात. सातपूरकर, उद्या ९ वाजता प्री-ओपन (बाजार उघडण्याआधी ऑर्डर घेण्याची वेळ) सुरू होताच नव्या लोअर सर्किटच्या भावाने विक्री लावा. भाव सारखा असेल तर आधी आलेल्या ऑर्डरचा नंबर आधी लागतो, आणि बाजार त्याहून वर उघडला तर वरचाच भाव मिळतो.

आलेखप्रेमी: घाबरून तळाला विकणे हीच खरी चूक आहे.

सातपूरकर (बुधवार): ४१८ ला सर्व ४०० विकले गेले. खर्च सोडून ३४,८०० रुपयांचा तोटा झाला. काका, तुमच्या कराच्या नियमात हा तोटा कुठे बसतो?

निवृत्त लेखापाल: विवरणपत्र मुदतीत भरले, तर या वर्षीच्या भांडवली नफ्यातून वजा करून उरलेला तोटा पुढील ८ वर्षांच्या भांडवली नफ्यातून वजा करता येतो.