सल्लागार नेमा, पण सामान विकणारा नको

एकाने विचारलंय, पंचवीसेक ट्रकांचा धूर कमी करायला सल्लागार नेमावा का? नेमा की. पण डिझेलमध्ये टाकायच्या ॲडिटिव्हच्या बाटल्या नाहीतर फिल्टर विकणाराच सल्ला देत असेल, तर त्याचं निदान आधीच ठरलेलं असतं. सामान विकणार नाही, हे करारातच लिहून घ्या.

आणि तो सोलापुरात होटगी रोडच्या यार्डात येऊन गाडीखाली वाकतो का ते बघा. जुन्या बीएस-४ (आधीच्या प्रदूषण निकषांच्या) गाडीचा काळा धूर बहुतेक वेळा चोंदलेल्या एअर फिल्टरमुळे, गळक्या इंजेक्टरमुळे किंवा इंजिनात हवा ढकलणाऱ्या टर्बोचा होज चिरल्यामुळे असतो. एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ गाड्यांचं दुखणं वेगळं. ॲडब्लूचे (युरियाच्या द्रावणाचे) पैसे वाचवायला एससीआर, म्हणजे ते द्रावण वापरून धुरातले नायट्रोजन ऑक्साइड कमी करणारं यंत्र, बायपास केलेलं असतं (असे मेकॅनिक आपल्याकडे कमी नाहीत!), मग नायट्रोजन ऑक्साइड थेट बाहेर. डीपीएफमधली (धूर गाळणाऱ्या फिल्टरमधली) काजळी आपोआप जळायला गाडी सलग वेगात पळावी लागते. पुणे-हैदराबाद हायवेवर ते जमतं; लोडिंगच्या रांगेत इंजिन चालू ठेवून ताटकळणाऱ्या, सुटं सिमेंट वाहणाऱ्या बल्करला नाही.

ड्रायव्हरशी न बोलता अहवाल देणाऱ्याची उरलेली फी अडवून ठेवा. राहिलं ड्रायव्हरांचं प्रशिक्षण; त्यासाठी आधी पीसीआरएकडे (पेट्रोलियम कन्झर्वेशन रिसर्च असोसिएशन) विचारा, इंधनबचतीसाठीची केंद्र सरकारचीच संस्था आहे.