मदत हवी आहे: स्पीड २०० येतो तरी रात्री गेममध्ये पिंग उड्या मारतो (घणसोली, भाड्याचा फ्लॅट)

नमस्कार मंडळी, नेटवर्किंगमधलं कळणारं कोणी असेल तर प्लीज वाचा, थोडं लांबलंय पण सगळं नीट सांगितल्याशिवाय तुम्हाला अंदाज येणार नाही.

घणसोलीत टू बीएचकेमध्ये भाड्याने राहतो, सातवा मजला. फायबरचं २०० एमबीपीएसचं कनेक्शन आहे, राऊटर हॉलमध्ये मेन दरवाज्याच्या वर ठोकलेला, कारण फायबरची वायर तिथूनच आत येते. माझा पीसी आतल्या बेडरूममध्ये. मध्ये दोन भिंती, आणि दुसऱ्या भिंतीला टेकून आईचं आरशाचं लोखंडी कपाट.

शाळेतले आम्ही पाच जण दर शनिवारी रात्री साडेदहाला व्हॅलोरंट खेळतो. दोघं पुण्याला, एक बेंगळुरूला, एक नाशिकला, मी इथे. वर्षभरात समोरासमोर भेट एकदाच होते ती पण कोणाच्या लग्नात, त्यामुळे या दोन तासांची मी सोमवारपासून वाट बघत असतो. सर्व्हर मुंबईचा, म्हणजे खरंतर सगळ्यात कमी पिंग (सर्व्हरपर्यंत जाऊन परत यायला लागणारा वेळ, मिलिसेकंदात) माझा असायला हवा, आणि असतोही, ८-१० दाखवतो. मग मध्येच १८०, २५०, परत १०. परवा कोपऱ्यावरून डोकावलो, माझ्या स्क्रीनवर समोर कोणीच नाही, आणि पुढच्या क्षणी मी मेलेलो. माइकवर कोणी काही बोललं नाही, पण पाचच जणांची टीम असते, त्यात एक असा अडकला की बाकी चौघांची मॅच जाते, आणि ते मला फार लागलं.

कंपनीचा माणूस दोनदा येऊन गेला. दोन्ही वेळा राऊटरच्या खाली उभं राहून स्वतःच्या फोनवर स्पीड टेस्ट लावली, २१० आले, "लाइन ओके आहे सर" म्हणाला आणि कंप्लेंट बंद. अहो पण स्पीडची तक्रार मी केलीच नव्हती!

मग मी स्वतः बघायला लागलो. कमांड प्रॉम्प्टच्या दोन खिडक्या उघडल्या, एकात राऊटरला म्हणजे १९२.१६८.१.१ ला सतत पिंग, दुसऱ्यात बाहेरच्या सर्व्हरला. ज्या सेकंदाला बाहेरचा उडतो त्याच सेकंदाला राऊटरचा पण उडतो. नंतर लॅपटॉप हॉलमध्ये नेऊन राऊटरच्या बॉक्समधल्या छोट्या लॅन केबलने जोडला, अर्धा तास राऊटरचा पिंग १ च्या वर गेला नाही. म्हणजे लाइन खरंच चांगली आहे, घोळ राऊटर ते बेडरूम एवढ्यातच आहे.

आत्तापर्यंत केलेलं: वायफायच्या दोन्ही बँडचं (२.४ आणि ५ गिगाहर्ट्झ) नाव एकच होतं ते वेगळं केलं. २.४ वर ॲपमध्ये आजूबाजूची २६ नेटवर्कं दिसतात, सगळी १, ६ आणि ११ चॅनलवर गर्दी करून बसलेली, रात्री नऊ ते बारा तर खेळणं अशक्य आणि पहाटे चारला एकदम स्वच्छ. ५ गिगाहर्ट्झला गर्दी कमी, पण बेडरूममध्ये सिग्नल उणे ७६ डीबीएम (शून्याच्या जितका जवळ तितका चांगला), मध्येच तुटतो.

घरमालक काका माणूस चांगला आहे पण भिंतीला ड्रिल लावायचं नाही हे ॲग्रीमेंट करतानाच सांगितलंय. मेश (घरात दोन-तीन ठिकाणी ठेवून वायफाय पसरवणारे डबे) घेऊ का? की प्लगमध्ये लावतात ते पॉवरलाइन ॲडॉप्टर? की महागडा गेमिंग राऊटर? एकदाच पैसे घालायचेत, ते वाया जायला नकोत.

प्रतिसाद

राऊटरला पिंग करून बघितलंत ते बेस्ट केलंत, अर्धं काम तिथेच झालं. वायफायमध्ये एका चॅनलवर एका वेळी एकानेच बोलायचं असतं, तुमच्या घरातला असो की शेजारचा. बाकीचे बोलत असले की तुमचं पॅकेट (डेटाचा छोटा तुकडा) थांबतं, धडकलं की परत पाठवावं लागतं. स्पीड टेस्ट दहा-पंधरा सेकंदांची सरासरी दाखवते, त्यात हे अडकणं दिसतच नाही. गेमला डेटा अगदी थोडा लागतो पण तो वेळेवर लागतो. व्हॅलोरंटचे सर्व्हर १२८ टिकचे आहेत, म्हणजे सेकंदाला १२८ वेळा खेळ पुढे सरकवतात, साधारण ८ मिलिसेकंदाला एक टिक, तुमचं २०० मिलिसेकंद अडकलं की पंचवीसेक टिक गेले, समोरचा तेवढ्यात येऊन मारून जातो.

मेश बिनवायरीचं असेल तर तेच पॅकेट हवेतून दोनदा जाणार, सिग्नलचे दांडे वाढतील पण उड्या थांबतीलच असं नाही. पॉवरलाइन घरातल्या वायरिंगवर अवलंबून, मी वापरलंय, फ्रिजचा कॉम्प्रेसर सुरू झाला की गडबडायचं. गेमिंग राऊटरमध्ये पैसे घालू नका, भिंत तीच आणि कपाट तेच राहणार आहे. आणि ते कपाट आधी हलवा! लोखंड आणि आरसा दोन्ही सिग्नलला वाईट.

प्रतिसाद

चपटी लॅन केबल घ्या, कॅट ६ ची. कडेच्या स्कर्टिंगवरून न्यायची, चिकटपट्टीच्या क्लिपा मिळतात, ड्रिल नको काही नको. वरळी सोडून ऐरोलीला आलो तेव्हापासून मी अशीच लावलीय. फक्त दाराच्या बिजागरीत चेपू देऊ नका. लांबीची काळजी करू नका, १०० मीटरपर्यंत चालते.

प्रतिसाद

घरातले फोन रात्री फोटो बॅकअप करतात का बघा. अपलोड भरलं की राऊटरमध्ये रांग लागते आणि गेमचं पॅकेट त्या रांगेत मागे. राऊटरमध्ये क्यूओएस (कुठला डेटा आधी सोडायचा ते ठरवणारी सेटिंग) असेल तर अपलोड थोडं कमी बांधून ठेवा.

धागाकर्ता

सगळ्यांचे मनापासून आभार, खरंच. काल रात्री आईने आणि मी मिळून कपाट रिकामं केलं (साड्या, पितळेची भांडी, वडिलांच्या जुन्या फायली, दीड तास गेला) आणि बाजूच्या भिंतीला सरकवलं. त्याच जागी, त्याच लॅपटॉपवर ५ गिगाहर्ट्झचा सिग्नल उणे ७६ वरून उणे ६७ वर आला. निव्वळ कपाटाने एवढा फरक पडेल असं वाटलं नव्हतं. तुटणं थांबलंय, उड्या कमी झाल्यात पण आहेत, काल तासाभरात नऊ वेळा १०० च्या वर गेला. फोटो बॅकअप आईच्या फोनवर चालूच होतं, ते दुपारचं करून ठेवलं.

त्यामुळे केबलच घालायची ठरवलीय. सुतळीने मोजलं, हॉलच्या दरवाज्यापासून कडेकडेने टेबलापर्यंत १७ मीटर भरलं, २० मीटरची मागवली. आता एकच अडतंय. बेडरूमचं दार पावसात फुगलंय, खाली लादीला घासतं, त्यामुळे खालून केबल जाणार नाही. चौकटीच्या वरच्या बाजूला नखभर फट आहे. तिथून चपटी केबल नेली आणि दार रोज उघडबंद झालं तर आतल्या तारा तुटतील का? कोणी असं नेलं असेल तर सांगा, शनिवारच्या आत लावायचीय.