नोकरी सोडून शिक्षिका व्हावं का? बाईंमुळे डोक्यात आलंय, मार्गदर्शन हवं

प्रश्न (मांजलपूरची मुलगी):

नमस्कार मंडळी. मी 28 वर्षांची, बी.एस्सी. केमिस्ट्री. बडोद्यात मकरपुरा जीआयडीसीत (औद्योगिक वसाहतीत) एका कंपनीत क्वालिटी कंट्रोलला सहा वर्षं झाली.

गणिताची मला लहानपणी धास्तीच होती. सहावीत एका टीचरने वही उघडी धरून मला अख्ख्या वर्गासमोर उभं केलं होतं. त्यानंतर आईने दांडिया बाजारातल्या एका बाईंकडे शिकवणीला घातलं. बाई चुकलेल्या गणितावर कधीच फुली मारायच्या नाहीत. वही आपल्याकडे ओढून म्हणायच्या, "कसं केलंस ते सांग बघू." सांगता सांगता निम्म्या वेळा चूक माझी मलाच दिसायची.

गेल्या महिन्यात बाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. त्यांनी फोन करून विचारलं, "संध्याकाळची सहा मुलं तीन आठवडे सांभाळशील का?" ड्यूटी संपवून जायला लागले. चौथ्या दिवशी एका मुलाने 1/2 + 1/3 = 2/5 असं लिहिलं. माझा लाल पेन वहीवर टेकलाच होता, पण थांबले. विचारलं, कसं केलंस? म्हणाला, "वरचे वर मिळवले, खालचे खाली."

मग कागदाच्या बारा बारा सेंटिमीटरच्या दोन पट्ट्या कापल्या. एकीचा अर्धा भाग घेतला, सहा सेंटिमीटर. दुसरीचा तिसरा भाग, चार. दोन्ही तुकडे जोडून लावले तर दहा, म्हणजे बारातले दहा, 5/6. आता तुझे 2/5 या पट्टीवर दाखव म्हटलं. त्याने फूटपट्टी लावली, पाच सेंटिमीटरही भरेनात. दोन मिनिटं गप्प बसला आणि एकदम म्हणाला, "टीचर, अर्ध्यात मिळवलं तरी अर्ध्यापेक्षा कमी कसं झालं?"

त्या रात्री मला झोप लागली नाही. घरी म्हणतात, बांधलेला पगार सोडू नकोस. तुमच्यापैकी जे कुणामुळे तरी या पेशात आले, त्यांना कसं कळलं की हे तीन आठवड्यांचं वेड नाही?

उत्तर (निवृत्त शिक्षिका, बाबाजीपुरा):

अगं, तुझी पोस्ट दोनदा वाचली. मी 34 वर्षं मराठी माध्यमात शिकवलं, म्हणून मोकळेपणी लिहिते.

मला पहिली अक्षरं आजीने गिरवायला लावली. ती नवसारीकडची, म्हणजे तेव्हाच्या बडोदा संस्थानातली. महाराजा सयाजीरावांनी 1893 मध्ये अमरेलीकडे सक्तीच्या शिक्षणाचा प्रयोग केला आणि 1906 मध्ये ती सक्ती सगळ्या संस्थानाला लावली, मुलींनासुद्धा. पोर शाळेत पाठवली नाही तर दंड. आजीचे वडील दंडाला घाबरून तिला पाठवायचे, हे ती अभिमानाने सांगायची. पण शिक्षक व्हावं असं तिच्यामुळे वाटलं नाही. ते पुढचं.

नोकरीच्या पहिल्या वर्षी आमचे हेडमास्तर न सांगता येऊन माझ्या वर्गात शेवटच्या बाकावर बसले. तासभर काहीतरी लिहीत होते. माझ्या चुका टिपताहेत असं समजून मला घाम फुटला. तास संपल्यावर कागद हातात दिला. त्यावर फक्त मुलांची नावं होती, अकरा. म्हणाले, "आज तासभरात या अकरा जणांकडे तुमची नजर गेली नाही." बहुतेक सगळी खिडकीकडच्या रांगेतली. मी फळ्यावर लिहिताना उजव्या बाजूला वळायचे, ती रांग पाठीमागे जायची. दुसऱ्या दिवसापासून मी उभी राहण्याची जागा बदलली. त्यातली एक मुलगी महिनाभर फळ्यावरचं चुकीचं उतरवत होती. तिला नीट दिसतच नव्हतं. चष्मा लागला.

मी नोकरी म्हणून आले होते, त्या कागदानंतर शिक्षिका झाले.

आता तुझं. सहा मुलांच्या खोलीत तुला जे जमलं, ते पन्नासच्या वर्गात जमायला मला पाच वर्षं लागली. तेव्हा राजीनामा आधी देऊ नकोस. बाई बऱ्या झाल्या की त्यांच्या खोलीत मागे बस आणि फक्त मुलांकडे बघ. आणि त्यांना विचार, एखादं मूल शेवटपर्यंत समजलंच नाही असं कधी झालं का? झालं असणारच. त्या दिवशी त्यांनी काय केलं ते ऐकून घे. तेही ऐकून शिकवावंसं वाटलं, तर घरच्यांशी बोलायला मी स्वतः येते.

उत्तर (कारेलीबागकर):

ताई, कामाचं सांगतो. पहिली ते पाचवीसाठी बी.एड. चालत नाही, पीटीसी म्हणजे आताचं डी.एल.एड. (प्राथमिक शिक्षकांचा डिप्लोमा) लागतं. सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट 2023 मध्ये ते स्पष्ट केलंय. तुम्हाला अपूर्णांक शिकवायचेत, म्हणजे सहावी ते आठवी: बी.एड. दोन वर्षांचं आणि मग टेट-2 ही शिक्षक पात्रता परीक्षा. नववी-दहावीला टाट ही वेगळी परीक्षा. दोन वर्षं पगार नाही, ते धरून आत्तापासून पैसे बाजूला टाका.

उत्तर (रावपुऱ्याचा वाचक):

मी शिक्षक नाही, पण एक सांगावंसं वाटतं. बाबासाहेब आंबेडकरांना बडोद्याची शिष्यवृत्ती मिळाली हे आपण सगळेच सांगतो, महिना 25 रुपये. पण त्यांना सयाजीरावांकडे नेणारे कृष्णाजी अर्जुन केळुसकर हे एक शिक्षक होते. चर्नी रोडच्या बागेत एक मुलगा रोज वाचत बसलेला दिसतो म्हणून त्यांनी आपणहून चौकशी केली. तो त्यांच्या शाळेचा विद्यार्थीही नव्हता! ताई, तुम्ही त्या पोराच्या वहीवर पेन थांबवलात, ते वाचून मला केळुसकर आठवले.

मांजलपूरची मुलगी:

सगळ्यांचे आभार. काकू, काल बाईंना विचारलं. बराच वेळ बोलल्या नाहीत. मग कपाटातून एक जुनी वही काढायला सांगितली, पानं पिवळी पडलेली. एका मुलीची, नव्वदच्या दशकातली. तिला भागाकार शेवटपर्यंत आला नाही आणि ती शिकवणीला यायची बंद झाली. बाईंनी वही परत द्यायची म्हणून ठेवली होती. म्हणाल्या, "आता मला वाटतं, तिला गुणाकारच कळला नव्हता. मी मागे जाऊन बघायला हवं होतं."

वही घरी आणली आहे. रात्री पान पान बघत होते, तिचं नेमकं कुठे अडलं ते. सातव्या पानावर सापडलं बहुतेक. काकू, शनिवारी संध्याकाळी घरी आलात तर दाखवीन. आई-बाबाही असतील.