हिंदू असाल तर झायनिस्ट व्हा म्हणे! (उत्तर लांबलंय, चहा घेऊन बसा)

पेठेतला_पांथस्थ
परवा एका महाशयांनी झायनिझमवर, म्हणजे पॅलेस्टाईनमध्ये ज्यूंचं स्वतःचं राष्ट्र हवं या चळवळीवर, पोस्ट टाकली. मुद्दे तीन. प्रत्येक हिंदू जन्मजात झायनिस्ट असतो, नसेल तर त्याने रक्त तपासून घ्यावं. झायनिझम हा ज्यू धर्माचा आत्मा आहे, त्यामुळे त्याला विरोध म्हणजे ज्यूंना विरोध. आणि गांधी-नेहरूंनी मतांसाठी ज्यूंचा घात केला. त्या पोस्टखाली दोन ओळी लिहायला गेलो आणि एवढं झालं, म्हणून वेगळा धागा.

रक्त तपासलं. बी पॉझिटिव्ह निघालं, बाकी काही सापडलं नाही.

आता धर्माचा आत्मा. ही चळवळ उभी करणारा हर्झल हा व्हिएन्नाचा पत्रकार, देवधर्माशी त्याचं फारसं देणंघेणं नव्हतं. १८९६ मध्ये त्याने ज्यूंच्या राज्याची पुस्तिका काढली आणि पुढच्या वर्षी पहिली झायनिस्ट काँग्रेस (परिषद) भरवायची ठरवली म्युनिकला. तिथल्या ज्यूंनीच आणि जर्मन रब्बींनी (ज्यू धर्मगुरूंनी) कडाडून विरोध केला म्हणून ती स्वित्झर्लंडमधल्या बाझलला न्यावी लागली! सनातनी मंडळींचं म्हणणं असं की राज्य द्यायचं ते मसीहाने आल्यावर, तुम्ही कोण टिकोजीराव परस्पर उभारणारे? जेरुसलेममधला नेतुरेई कार्ता हा गट आजही इस्रायलला मानत नाही, काळे अंगरखे, कानाशी बटा, आणि हातात पॅलेस्टाईनचा झेंडा. ते पण ज्यूविरोधी का? उलट ज्यांनी देश उभारला ते पहिले पंतप्रधान बेन गुरियन वगैरे पक्के समाजवादी.

अजून एक. शाळेत माँटेग्यू-चेम्सफर्ड सुधारणा पाठ केल्या होत्या ना, त्यातले माँटेग्यू ज्यू होते. १९१७ मध्ये बाल्फोर जाहीरनामा, म्हणजे पॅलेस्टाईनमध्ये ज्यूंच्या राष्ट्रीय घराला ब्रिटनचा पाठिंबा, निघत असताना ब्रिटिश मंत्रिमंडळातला त्याचा सर्वात कडवा विरोधक हाच माणूस. म्हणणं सरळ होतं, तुम्ही पॅलेस्टाईन ज्यूंचं राष्ट्र ठरवलंत की इंग्लंडमध्ये मी परका ठरतो.

गांधींबद्दल, १९३८ चा हरिजनमधला लेख निदान एकदा वाचा. ज्यूंच्या छळाबद्दल त्यात कळवळा आहे, ख्रिस्ती जगातले अस्पृश्य म्हणतात ते त्यांना. पण इंग्लंड जसं इंग्रजांचं तसं पॅलेस्टाईन अरबांचं, हेही स्पष्ट म्हणतात. चूक म्हणा हवं तर, मतांसाठी कसलं? आणि १९७७ मध्ये रामलीला मैदानावर अरबांची जमीन इस्रायलने खाली केली पाहिजे असं ठणकावणारे अटलजी होते, त्यांचंही रक्त तपासायचं का?

माझं म्हणणं एवढंच की आपल्याकडच्या या पाठिंब्यात ज्यू कुठेच नसतात. शेजारच्या गल्लीतल्या मुसलमानाला खिजवायला चार हजार किलोमीटरवरचं रॉकेट वापरायचं, इतकाच तो झायनिझम.

शिवनेरी_१६३०
ज्यांची पोस्ट तुम्हाला झोंबली तो मीच. एवढं रामायण लिहिलंत त्यात ७ ऑक्टोबर २०२३ हा शब्दसुद्धा नाही. हमासने इस्रायलमध्ये एका दिवसात बाराशे माणसं मारली, अडीचशे ओढून नेली, त्यावर अवाक्षर नाही पण १८९७ ची रब्बींची भांडणं मात्र तोंडपाठ. कारगिलच्या वेळी दारूगोळा कोणी दिला? तुमच्या त्या बटावाल्यांनी? आणि २६/११ ला नरिमन हाऊसमध्ये जे मारले गेले ते कशासाठी मारले गेले? ज्यू होते म्हणून. त्या मारणाऱ्यांनी आधी विचारलं होतं का, बाबा रे तू झायनिस्ट आहेस की नाही?
सावरकरांनी १९२३ मध्येच लिहिलंय की पॅलेस्टाईन ज्यूंचं झालं तर आम्हालाही जवळपास तितकाच आनंद होईल. त्यांना कळत नव्हतं आणि तुम्हाला कळतं. वा.

पेठेतला_पांथस्थ
२६/११ चा मुद्दा बरोबर आहे, तो घेतो. ७ ऑक्टोबरची कत्तल ही कत्तलच होती, त्यालाही पण-परंतु नाही. पण मग त्यानंतर गाझात जी हजारो पोरं ढिगाऱ्याखाली गेली त्याला पण-परंतु लावायची सोय तुम्ही ठेवलीय, ती काढून टाका की.

न्यूजर्सीचा_नाना
इकडची गंमत सांगतो. आमचे शेजारी चर्चला जाणारे, घरासमोर अमेरिकेच्या झेंड्याशेजारी इस्रायलचा झेंडा. मला वाटलं ज्यू असतील. एकदा बार्बेक्यूला बोलावलं तेव्हा विचारलं तर म्हणाले छे, आम्ही ख्रिश्चन, पण ज्यू सगळे तिथे परत गेल्याशिवाय येशू परत येणार नाही. मी म्हटलं आणि आल्यावर ज्यूंचं काय? तर चिमट्याने कणीस उलटत अगदी शांतपणे म्हणाले, तेव्हा ते येशूला मानतीलच. आणि नाही मानलं तर? तर यावर नुसतं हसले हो. असा पाठिंबा! बकऱ्याला हिरवा पाला घालणाऱ्याचं प्रेम असतं तसं.

डाळिंबवाला_सांगोला
तुमचं चालू द्या, पण एक सांगतो, पाठिंबा शेतकऱ्याने का द्यायचा ते. २०१२ साली आमच्याकडनं अभ्यास दौऱ्याला गेलो होतो, आठ दिवस. इस्रायलच्या नेगेव वाळवंटात पाऊस दोनशे मिलिमीटर पण नाही आणि तिथे झाड असं की बघत राहावं. आमच्याकडे त्याच्या दुपटीहून जास्त पडतो आणि आम्ही टँकर मोजतो. ज्या लोकांनी वाळवंटातनं पीक काढलं त्यांना जमीन का नको? आपण नुसतं धर्म धर्म करत बसलो.

लाल_मिरची
आलं, ठिबक आलं! मी वाटच बघत होते. इस्रायल म्हटलं की मराठी माणूस तिसऱ्या वाक्याला ठिबकवर येतो.
काका, ते वाळवंटातलं पाणी आकाशातून नाही पडलं, उत्तरेतलं गॅलिलीच्या तलावाचं पाणी पाईपने दक्षिणेला नेलं, १९६४ पासून. शिवाय १९६७ नंतर वेस्ट बँकच्या डोंगराखालचं पाणीही ताब्यात, तिथल्या पॅलेस्टिनी शेतकऱ्याला विहीर खोदायची तर परवानगी घ्या. आणि ‘ओसाड वाळवंट फुलवलं’ ही पण अर्धीच गोष्ट, जाफाची संत्री जगभर जात होती ती अरबांच्या बागांमधून, इस्रायल होण्याच्या कितीतरी आधी. १९४८ मध्ये सात लाख माणसं घरंदारं सोडून गेली, त्यांच्या बागा होत्या त्या. पीक चांगलं काढतो त्याची जमीन, हा न्याय लावला तर उद्या तुमचं रान कोणीतरी कंपनी घेऊन जाईल.

डाळिंबवाला_सांगोला
ताई, रानाचं मला नका शिकवू. तेल्या रोगाने माझी चार एकर डाळिंबाची बाग गेली तेव्हा कुठला विचारवंत आला नव्हता. पाईपने नेलं म्हणता, मग आमच्या उजनीचं पाणी पाईपने का येत नाही ते विचारा. ठिबकच्या अनुदानाची फाईल दोन वर्षं फिरली, शेवटी साहेब म्हणाले बिलावर शिक्का पुसट आहे. पुसट!! तोवर ठिबकची नळी (लॅटरल) उन्हाने तडकली. तिकडे प्रत्येक थेंब मीटरवर आणि मीटर चालू असतो हो, मी हात लावून बघितलाय.

लाल_मिरची
मीटरवर आहे कारण तिथे पाणी कोणाच्या बापाचं नाही, १९५९ च्या कायद्याने सगळं पाणी सरकारचं, तुमच्या विहिरीतलंसुद्धा. इथे करून दाखवा, ऊसवाले जिवंत सोडतील का? आणि ठिबकची ती प्रसिद्ध कंपनी १९६५ मध्ये निघाली ती हत्झेरिम नावाच्या किबुत्झमध्ये. किबुत्झ म्हणजे तेव्हा जमीन सामायिक, जेवण एका पंगतीत, पगार सारखा. शिवनेरीभाऊंच्या भाषेत अर्बन नक्षल. तोच तो झायनिझम ज्यावर तुम्ही फिदा आहात.

शिवनेरी_१६३०
कम्युनिस्ट तर कम्युनिस्ट, निदान बंदूक चालवणारे आणि नांगर धरणारे होते. तुमच्यासारखे एसीत बसून मिरच्या झोंबवणारे नव्हते.

लाल_मिरची
एसी नाही, पंखा आहे, तोही दोनवरच चालतो.

ठाण्याची_लेक
इतका वेळ वाचत होते. तुमच्या अख्ख्या धाग्यात मराठी ज्यू कोणालाच आठवला नाही, म्हणून लिहिते. मी बेने इस्रायल. घरी शनवार पाळतो, एलियाहू हन्नाबी या प्रेषिताच्या नावाने मलिदा करतो, पोहे गूळ खोबरं केळी सगळं ताटात, आणि आजी हिब्रू प्रार्थना देवनागरीत लिहिलेल्या वहीतून म्हणायची.
माझी आत्या साठच्या सुरुवातीला इस्रायलला गेली, डिमोना गावी. झायनिस्ट होती का? होती. इथे कोणी त्रास दिला म्हणून नाही गेली, आम्हाला इथे कधीच कोणी त्रास दिला नाही, हे मुद्दाम लिहिते कारण हे जगात फार ठिकाणी म्हणता येत नाही. पण रोज तीन वेळा जेरुसलेमकडे तोंड करून प्रार्थना करणाऱ्या घरात ती वाढली, तिला जावंसं वाटलं. पांथस्थकाका, तुमचं हर्झल-माँटेग्यू सगळं खरं असेल पण आमच्या घरात हर्झल कोणाला माहीत नव्हता. आत्यासाठी तो धर्मच होता. तुम्ही सांगणार का तिला की नव्हता म्हणून?
आणि तिथे गेल्यावर काय, तर १९६२ मध्ये तिथल्या मुख्य रब्बींचा फतवा, बेने इस्रायलचं लग्न दुसऱ्या ज्यूशी लावताना आधी त्यांच्या पिढ्या तपासा. आत्याचं लग्न ठरलेलं. तिच्याकडून पणजीपर्यंतचे पुरावे मागितले, आता नवगावच्या पणजीचा दाखला कुठून आणायचा? १९६४ मध्ये आमच्या लोकांनी जेरुसलेममध्ये मोर्चे काढले तेव्हा कुठे संसदेने जाहीर केलं की हे सर्वार्थाने ज्यू आहेत. त्याच्याही आधी, पन्नासच्या सुरुवातीला, काही जणांनी तेल अवीवला धरणं धरलं होतं, आम्हाला इथे काळे म्हणून वागवता, परत भारतात पाठवा. दीडेकशे जण परत आले. धरणं! ते कोणाकडून शिकले ते सांगायला नको.

शिवनेरी_१६३०
ताई, तुमच्याबद्दल आदरच आहे. म्हणून तर म्हणतो, तुम्हाला तुमची मायभूमी दोन हजार वर्षांनी परत मिळाली, आम्हाला त्याचा अभिमान आहे.

ठाण्याची_लेक
माझी मायभूमी अलिबागजवळ आहे. जहाज फुटून सात जोडपी जिथे लागली असं आम्ही सांगत आलो त्या नवगावला. दोन हजार वर्षं तेल गाळलंय आम्ही या मातीत, शनिवार तेली म्हणायचे, मला कोणी काही परत केलेलं नाही कारण काही गेलंच नव्हतं. आदर करा पण मला परस्पर विमानात बसवू नका. सावरकरांचा दाखला दिलात ना, हिंदू म्हणवायचं तर पितृभू (पूर्वजांची भूमी) आणि पुण्यभू (धर्माची पवित्र भूमी) दोन्ही इथे हवी म्हणणारे पण तेच. माझ्या आजीची पुण्यभू जेरुसलेम. मग ती तुमच्या हिशोबात कुठे बसते? तिकडे पाठवायलाच ना? माँटेग्यूंचं दुखणं मला आज कळलं, धन्यवाद पांथस्थकाका.

शिवनेरी_१६३०
तसं म्हणायचं नव्हतं. शब्द चुकला. पण दर शब्दाचा असा कीस काढायचा असेल तर बोलायचंच बंद करू.

लाल_मिरची
बघा, शेवटी झायनिझममध्ये काय आहे तर वर्णभेद. तिथे ज्यूंनाच काळे म्हणून…

ठाण्याची_लेक
तुम्हीपण थांबा जरा. आमच्यातच इथे गोरे इस्रायल आणि काळे इस्रायल असायचे, एकत्र जेवायचे नाहीत, लग्न तर लांबच. ते आम्ही कोकणातून नेलं होतं, झायनिझमने नव्हतं दिलं. आत्याचा नातू राखीव सैन्यात आहे, ७ ऑक्टोबरनंतर महिनोन् महिने घरी नव्हता. ती रोज फोनवर रडायची. आणि त्याच फोनवर म्हणायची की तिकडच्या बायका पण रडत असतील गं, त्यांची तर घरंही नाहीत. मतदान मात्र कोणाला करते विचारलं की फोन ठेवते. तुमच्यापैकी कोणाच्याच बाजूला ती नाही बसत.

न्यूजर्सीचा_नाना
ताई, लिहीत राहा. माझ्या बार्बेक्यूचा किस्सा मागे घ्यावासा वाटतोय.

पेठेतला_पांथस्थ
नका घेऊ, चांगला आहे. मीच एक वाक्य मागे घेतो, ‘पाठिंब्यात ज्यू कुठेच नसतात’ असं लिहिलं होतं आणि अख्ख्या लेखात ठाण्याचा ज्यू मलाही आठवला नव्हता. धर्म नव्हता असंही सरसकट म्हणायला नको होतं, पुढाऱ्यांचा नव्हता, आत्यांचा होता. पण शिवनेरीराव, रक्त तपासण्याची भाषा मात्र अजून तशीच उभी आहे तुमच्या पोस्टमध्ये, ती काढा. डिमोनात लोकांचं तेच तपासत होते.

शिवनेरी_१६३०
काढली. खूश? बाकी मतं तीच आहेत.

डाळिंबवाला_सांगोला
ताई, तुमच्या आत्याच्या डिमोनावरनं आमची बस गेली होती बहुतेक. रस्त्याकडेला सगळीकडे काळ्या नळ्या. त्या नळ्या तिथे उन्हात दहा वर्षं टिकतात म्हणाले, इथे दोन वर्षांत ड्रिपर क्षाराने चोक होतात. आता परत आर्द्रा कोरडी गेली.

लाल_मिरची
काका, ॲसिड सोडता का मधूनमधून? आणि फिल्टर कुठला, सँड की नुसती जाळी? आमच्या मामांकडे बार्शीला सँड फिल्टर बसवल्यावर चोकअप बरंच कमी झालं. रोज उलटा धुवायचा मात्र.

डाळिंबवाला_सांगोला
जाळीच आहे. सँडला पैसे कुठनं आणू, अनुदानात बसत नाही म्हणाले.

शिवनेरी_१६३०
बसतं. माझ्या भावाला मिळालंय. कागद कुठले लागतात ते विचारून सांगतो, शिक्के ठळक मारून घ्या फक्त.

पेठेतला_पांथस्थ
धाग्याचा विषय झायनिझम होता. असो. सँड फिल्टर साधारण कितीला पडतो हो?