शटडाऊन केलेला जुना पीसी आपोआप परत चालू होतोय

जुळे सोलापूरकर: घरी दोन जुने पीसी आहेत, दोन्हीवर विंडोज 7, लॅन केबलने राऊटरला जोडलेत. खालच्यावर वडिलांचा चादरींचा हिशोब असतो, वरून मी तेच फोल्डर उघडतो. खालचा शटडाऊन केला की पंखा थांबतो, स्क्रीन काळी होते आणि चार-पाच सेकंदात परत सुरू! वडील वैतागून भिंतीवरचं बटणच बंद करतात, मला डेटाची लई काळजी वाटते. काय करू?

होटगीरोड: आधी लॅन केबल काढून शटडाऊन करून बघा. नीट बंद झाला तर वेक ऑन लॅन समजा, पीसी बंद असला तरी नेटवर्क कार्डाला थोडी वीज मिळतच असते आणि केबलवरून सिग्नल आला की ते पीसीला उठवतं. डिव्हाइस मॅनेजरमध्ये त्या कार्डाच्या प्रॉपर्टीजमध्ये पॉवर मॅनेजमेंट उघडा, जागं करायची टिक काढा.

जुना_टेक्निशियन: केबल काढूनही झालं तर बंद होताना क्रॅश होत असेल. स्टार्टअप अँड रिकव्हरीमध्ये ऑटोमॅटिकली रिस्टार्टची टिक काढा, मग निळी स्क्रीन थांबून राहील, कोड इथे टाका. आणि हिशोब आजच पेनड्राइव्हवर घ्या हो, बाकी सगळं नंतर.

जुळे सोलापूरकर: केबल काढल्यावर गप बंद झाला! टिक काढून भागलं नाही, बायोसमध्येही (विंडोजच्या आधी सुरू होणाऱ्या पीसीच्या मूळ सेटिंगमध्ये) वेक ऑन लॅन चालू होतं, ते डिसेबल केलं. आता बंद केल्यावर पोर्टचा हिरवा दिवासुद्धा विझतो. हिशोब कॉपी केलाय, मनापासून आभार दोघांचे.