कलर गार्डला नवे डिझायनर आलेत, लेकीने त्याच कोअरमध्ये पुन्हा जावं का?

रायफलवालीची_आई

नमस्कार मंडळी. आम्ही ओहायोत राहतो. लेक गेल्या उन्हाळ्यात एका ड्रम कोअरच्या कलर गार्डमध्ये होती, रायफल लाइनवर. ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी: शे-दीडशे मुलं फुटबॉलच्या मैदानावर ब्रास आणि ड्रम वाजवत आकृत्या करत पळतात, आणि त्यांच्यामधून झेंडे, लाकडी रायफली, सेबर (तलवारी) फेकत-झेलत नाचते ती कलर गार्ड. जून ते ऑगस्ट बसमधून गावोगाव, रात्री कुठल्याशा शाळेच्या जिममध्ये फरशीवर पथारी, आणि शेवटी इंडियानापोलिसला डीसीआयची (ड्रम कोअर इंटरनॅशनल, हे सामने भरवणारी संस्था) अंतिम स्पर्धा.

सीझन संपला आणि कोअरने जाहीर केलं की गार्डचे जुने डिझायनर गेले, त्यांच्या जागी दोघं नवे येताहेत. दोघंही विंटर गार्डमधले, म्हणजे थंडीत जिममध्ये होणाऱ्या नुसत्या गार्डच्या प्रकारातले, नावाजलेले. जाहीर करताना सगळं गोडच लिहिलंय, पण लेकीचं तोंड उतरलंय. "ते सगळं नाचावर नेतील, रायफल लाइन छोटी करतील" असं तिच्या डोक्यात बसलंय. वयाच्या मर्यादेमुळे तिच्याकडे आता फार उन्हाळे उरलेले नाहीत. फी काही हजार डॉलर, ते वेगळंच. दुसरीकडे ऑडिशन द्यावी का? आणि मुळात डिझायनर बदलला की नेमकं काय बदलतं, हे मला कुणी समजावेल का?

वायफळ_काका

म्हणजे आपल्या ढोल पथकात पुढे ध्वज नाचवतात तसंच ना? मग त्याला डिझायनर कशाला लागतो?

सेबर_आणि_सनबर्न

काका, ध्वजवाल्याने हातातला ध्वज वीस फूट वर फेकून, खाली गिरकी घेऊन, मागून पळत येणारा ट्युबावाला चुकवून पुन्हा झेलला तर तसंच.

ताई, मी स्वतः सेबर लाइनवर होते, वय संपल्यावर काही उन्हाळे टेक, म्हणजे रोजचा सराव घेणारी, म्हणून गेले, तेव्हा जरा सविस्तर लिहिते.

सगळ्यात आधी हे विचारा की फक्त डिझायनर बदललेत की कॅप्शन हेड (गार्ड शिकवणाऱ्यांचा प्रमुख) आणि टेकही? डिझायनर वर्क, म्हणजे फेकण्या-झेलण्याच्या आणि नाचाच्या हालचाली, बसवतो. बरेच डिझायनर कॅम्पच्या वीकेंडला विमानाने येतात, दोन दिवसांत शोचा एक तुकडा मुलांच्या अंगावर टाकतात आणि रविवारी संध्याकाळी एअरपोर्टवर. ते वर्क रोज उन्हात घासून घेतात ते टेक. टेक तेच असतील तर तुमच्या लेकीचा हात तोच राहील. ते बदलले तर मात्र पहिला अख्खा कॅम्प साध्या ड्रॉप स्पिनवर जाईल. बोटं कधी उघडायची, रायफल सपाट थांबवायची की किंचित तिरकी, झेलताना आवाज यायला हवा की नको, सगळं नव्याने. आणि यात नव्या मुलांपेक्षा जुन्यांचेच हाल होतात, कारण हाताला आधीचं वळण लागलेलं असतं. लेकीला हे आत्ताच सांगून ठेवा, म्हणजे कॅम्पला "मला तर येत होतं" असं वाटून ती खट्टू व्हायची नाही.

रायफल लाइन जाईल ही भीती मला फारशी खरी वाटत नाही. गार्डचं वेगळं शीट, म्हणजे परीक्षकाचा गुणतक्ता, 20 गुणांचं असतं. व्हिज्युअलची (डोळ्यांना दिसतं त्या भागाची) अशी तीन शीटं, त्यांच्या बेरजेचे निम्मे करून 30, म्हणजे 100 पैकी गार्डच्या पदरात 10. त्यात काय बसवलंय याचे गुण निम्मे आणि मुलांनी ते किती नीट केलं याचे निम्मे. चांगली रायफल लाइन दोन्हीकडे कमावून देते, ती कोण कशाला मोडेल? नव्या माणसांचा डोळा असतो तो जनरल इफेक्टच्या, म्हणजे शोच्या एकूण परिणामाच्या, 40 गुणांवर. तिथे गार्डचं नाव कुठे लिहिलेलं नसतं, पण मैदानाचा रंग बदलतो तो गार्डमुळेच. तेव्हा झेंडे वाढतील, कपडे बदलतील, नाच वाढेल, हे धरून चाला.

मला खरी काळजी वाटेल ती दुसऱ्याच गोष्टीची. विंटर गार्ड होते जिममध्ये, बास्केटबॉल कोर्टाएवढ्या व्हिनाइलच्या फरशीवर. तिथे बोटाची हालचालही दिसते, वारा नसतो, संगीत रेकॉर्ड केलेलं असतं, आणि फरशीवर दुसरं कुणीच नसतं. ड्रम कोअरमध्ये मैदान शंभर यार्डांचं, परीक्षक पार वर बसलेला, आणि मधून जिवंत हॉर्नलाइन (ब्रास वाजवणारी मुलं) सुसाट धावतेय. जिममध्ये जीव ओतून बसवलेली मनगटाची नाजूक हालचाल मैदानात कुणाला दिसतच नाही. मोठ्या सिल्कच्या झेंड्यात संध्याकाळचा वारा शिरला की टॉस चार पावलं लांब जाऊन पडतो, आणि त्या चार पावलांवर कुणीतरी बॅरिटोन घेऊन उभा असतो. शिवाय पोचायचंच इतकं लांब असतं की आठ काउंटचं (तालाच्या ठोक्यांचं) वर्क करायला हातात चारच काउंट उरतात, बाकीचे पळण्यात जातात. ज्यांनी आधी मैदानावर काम केलंय त्यांना हे ठाऊक असतं. म्हणून त्या दोघांचे विंटरचे व्हिडिओ बघत बसू नका, त्यांनी बाहेर, मैदानावर कुणासाठी काय केलंय ते शोधा. थंडीतले कॅम्प जिममध्येच होतात, तिथे सगळ्यांचंच वर्क देखणं दिसतं. खरं काय ते मे महिन्यात कळतं, आणि तोवर फीचे हप्ते बऱ्यापैकी भरून झालेले असतात!

पन्नास_यार्ड_लाइन

मी नुसता प्रेक्षक, दर ऑगस्टला अंतिम स्पर्धेला ल्युकस ऑइल स्टेडियममध्ये घसा बसवून येतो. बॉस्टन क्रुसेडर्स या कोअरचं उदाहरण बघा. 2016 ला बाराव्या नंबरवर होते, मग मोठ्या प्रमाणावर नवी डिझाइनची माणसं आणली आणि 2017 ला थेट सहावे. नवी माणसं म्हणजे वाईटच असं नाही. ताई, जाऊ द्या तिला.

सेबर_आणि_सनबर्न

बॉस्टनचं बरोबर, पण तिथे एकटा गार्डवाला बदलला नव्हता. इथे ड्रिल (मैदानावर कुणी कुठे, कसं सरकायचं त्याचा आराखडा) लिहिणारा जुनाच आणि गार्डचे दोघं नवे, असं असेल तर हे विचारायलाच हवं की ते त्याच्यासोबत कधीपासून बसताहेत. ड्रिल लिहून झाल्यावर आले तर गार्डला उरल्यासुरल्या जागा मिळतात, कडेला उभं राहून झेंडे फिरवा. आधीपासून असले तर मोठ्या आवाजाच्या क्षणी गार्ड मैदानाच्या मध्यावर असते. अंतिम स्पर्धेत सर्वोत्कृष्ट गार्डला मिळणारा पुरस्कार ज्या जॉर्ज झिंगालीच्या नावाने आहे, तो गार्डही बसवायचा आणि ड्रिलही लिहायचा. एकाच डोक्यातून दोन्ही निघालं की काय होतं ते गारफील्ड कॅडेट्स या कोअरच्या 80 च्या दशकातल्या व्हिडिओंमध्ये दिसेल.

आणि दोन ठिकाणी ऑडिशन देण्यात कसलाही कमीपणा नाही. अर्धी मुलं तेच करतात. सही करेपर्यंत कुणी कुणाला बांधील नसतं.

रायफलवालीची_आई

सगळ्यांचे आभार. लेकीने कोअरला ईमेल करून विचारलं. कॅप्शन हेड तेच आहेत, टेकपैकी एकजण जातोय. नव्या दोघांपैकी एकाने बाहेर मैदानावर बरीच वर्षं काम केलंय, दुसऱ्याने अजिबात नाही. ड्रिल अजून लिहायला घेतलेलं नाही. हे ऐकून ती जरा सावरलीय. दोन्हीकडे ऑडिशन द्यायचं ठरलंय, आधी जुन्या कोअरकडे. आता तिचा प्रश्न असा की रायफलच घेऊन जायची की सेबरपण?

सेबर_आणि_सनबर्न

दोन्ही. शिवाय नाचाचे बूट. नव्या डिझायनरला ती गेल्या वर्षी कुठल्या लाइनवर होती याच्याशी देणंघेणं नसतं, ब्रेकमध्ये कोण काय उचलून फिरवतंय याकडे त्याचं लक्ष असतं. रायफलची टेप नवी करून घ्या, पट्टा ढिला असेल तर आत्ताच घट्ट करा, कॅम्पच्या आदल्या रात्री नको. नव्या टेपची सवय व्हायला हाताला आठवडा लागतो.

वायफळ_काका

वीस फूट? व्हिडिओ टाका ना कुणीतरी.