तपासण्या निर्दोष, तरी दुखणे खरे

तपासण्या निर्दोष आल्या म्हणजे दुखणे मनाचे, हे मत मला मान्य नाही. फायब्रोमायल्जियात, म्हणजे अंगभर दीर्घकाळ दुखत राहण्याच्या आजारात, वेदनेचे संदेश हाताळणारी मज्जासंस्थाच अतिसंवेदनशील झालेली असते, त्यामुळे रक्ततपासणीत वा एक्स-रेमध्ये काही सापडत नाही. निदानाच्या १९९० च्या निकषांत अंगावरच्या १८ पैकी ११ बिंदू दाबल्यावर दुखणे आवश्यक होते. २०१० पासून थकवा, झोपूनही न जाणारा शीण आणि विसराळूपणाही निदानात धरला जातो.

हे दुखणे असलेल्या माझ्यासारख्या लहान मुलांच्या आईला मात्र विश्रांतीचा सल्ला ऐकायला बरा, पाळायला अवघड. आमच्या जळगावकडे उन्हाळ्यात बिबड्यांसाठी, म्हणजे ज्वारीच्या पापडांसाठी, घाटा हाटायची (शिजते दाट पीठ ढवळायची) वेळ आली, की बरे वाटते म्हणून दिवसभर राबायचे आणि पुढे अंथरूण धरायचे, हेच चक्र दुखणे वाढवते. मी आता घाटा जाऊबाईंवर सोपवते आणि बसून बिबड्या थापते. धाकटीला उचलून घेण्याऐवजी पाटावर बसते, म्हणजे ती आपणहून मांडीवर चढते.

युरोपीय संधिवाततज्ज्ञांच्या २०१६ च्या शिफारशींत ठाम पाठिंबा फक्त व्यायामाला आहे. इकडच्या उन्हात चालणे पहाटेच उरकावे, आणि तेवढा वेळ मुलांकडे त्यांच्या बाबांनी पाहावे.